दाण्याला कॅन्सर आहे, आणि आमचं बरं चाललंय

चिंचगूळ | १२ जून, रात्री १०:५०

दोन महिने इथे वाचनमात्र होते. आज लिहिते, कारण घरात सगळे झोपलेत आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो माझ्या पायावर डोकं टाकून घोरतोय.

दाण्या आमचा लॅब. दाण्याच्या कुटाच्या रंगाचा म्हणून दाण्या. वय साडेआठ, वजन बत्तीस किलो, मुक्काम सातारा. पाडव्याच्या आदल्या दिवशी आंघोळ घालताना त्याच्या जबड्याखाली दोन गाठी हाताला लागल्या. आवळ्याएवढ्या, टणक. दाबल्या तरी हा काही म्हणेना. एका डॉक्टरांनी दात सुजला असेल म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. पाच दिवसांत आवळ्यांची लिंबं झाली, शिवाय खांद्यांपुढे आणि मागच्या गुडघ्यांमागेही तसंच लागायला लागलं. मग पुणं गाठलं. सुईने पेशी काढून तपासल्या. लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर.

उपचारांचं थोडक्यात सांगते, कारण धागा त्यासाठी नाही. एकोणीस आठवड्यांची केमो चालू आहे. एक आठवडा व्हिनक्रिस्टीन, पुढच्या आठवड्यात सायक्लोफॉस्फमाइड, परत व्हिनक्रिस्टीन, मग ते लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन, आणि पाचवा आठवडा सुट्टी. असे चार फेरे. पहिल्या महिन्यात सोबत प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) होतं. पहिल्या इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी गाठी वाटाण्याएवढ्या झाल्या, दुसऱ्या आठवड्यात लागेनाशा झाल्या. याला बरा झाला असं म्हणत नाहीत, रेमिशन म्हणतात, म्हणजे आजार दबलाय. बहुतेक कुत्र्यांत तो परत येतोच. डॉक्टरांनी आम्हाला हिशेब दिलाय तो साधारण वर्षाचा. कोणाला कमी, एखाद्याला दोन वर्षंही.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी रडून घेतलं आणि मग एक यादी केली. दाण्याला काय काय दाखवायचं राहिलं ते. समुद्र, कासचं पठार, माझ्या माहेरचा मळा, वाढदिवसाचा केक (चिकनचा), असं बरंच. मे महिन्यात सुट्टीचा आठवडा आला तसे निघालो गुहागरला. कुंभार्ली घाटात दोनदा उलटी. पोचल्यावर वाळू गरम, लाटांचा आवाज नकोसा. मुलाने बॉल टाकला तो पाण्यात गेला आणि दाण्याने तो जाऊ दिला. मग समुद्राकडे पाठ करून बसला. तो फोटो आहे माझ्याकडे. आम्ही तिघं हसतोय आणि दाण्या गाडीकडे बघतोय.

रात्री अकराला सातारला परत आलो. फाटक उघडलं आणि हा धावत सुटला, आजारपणात पहिल्यांदाच असा. तुळशीवृंदावनामागे, पाण्याच्या टाकीखाली, शेजारच्या स्कूटरच्या चाकाशी, सगळीकडे नाक लावून हजेरी घेतल्यासारखी फेरी मारून आला आणि दारातल्या पोत्यावर धाडकन पडला. शेपटी जमिनीवर आपटतेच आहे. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बघ, आजारी माणसाला कुणी सहलीला नेतं का? त्याला त्याचं घर पाहिजे."

त्या दिवसापासून यादी फाडली म्हणा ना. आता त्याला जे रोज मिळत होतं तेच रोज मिळतं, फक्त आम्ही ते चुकवत नाही. सकाळी साडेसहाला बाबांबरोबर (सासरे) चार भिंती टेकडीच्या चढाच्या पायथ्यापर्यंत. पूर्वी चढ पार करायचे, आता पायथ्याशी कट्ट्यावर दोघे बसतात. सातच्या सुमारास पाववाला सायकलवरून पों पों करत येतो, तो दाण्याला पावाचा कडेचा तुकडा देतो. नऊ वाजता उन्हाची तिरीप जिन्यावर येते, तिथे झोप. दुपारी सासूबाई भाज्या निवडतात तिथे गाजराची वाट बघत बसणं. संध्याकाळी मुलगा शाळेतून आला की त्याचा एक मोजा पळवून नेणं. हा मोजा आता आम्ही मुद्दाम पलंगाच्या कडेला ठेवतो.

बुधवारचंही तसंच झालंय. बुधवार म्हणजे पुणे. आधी रक्ताची तपासणी, पांढऱ्या पेशी पुरेशा असल्या तरच औषध. आम्हाला वाटलं होतं गाडी बघून पळून जाईल. पण गाडीत मागची अख्खी सीट त्याची, एरवी न मिळणारं उकडलेलं अंडं मिळतं, आणि खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की तो मान वर करून हूऽऽ करतो. बोगदाभर. मग आम्हीही करतो. येताना बोगदा नसतो, घाटाने यावं लागतं, तेव्हा तो झोपलेला असतो. काल सुट्टीचा बुधवार होता, तरी साहेब सात वाजता गाडीपाशी उभे! शेवटी नवरा त्याला शिवराज पेट्रोल पंपापर्यंत फिरवून घेऊन आला.

मला मात्र एक खोड लागली आहे. माझा हात सारखा त्याच्या गळ्याशी जातो, गाठ आली का बघायला. दिवसातून वीसदा. आणि हा वेडा मी लाड करतेय असं समजून मान आणखी वर करतो. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, फक्त रविवारी तपासा. रविवार धरून ठेवणं हे केमोपेक्षा अवघड चाललंय.

तर, ज्यांनी अशा दुखणेकरी कुत्र्याबरोबर दिवस काढलेत त्यांनी लिहा. औषधं नकोत, ती आहेत. तुमचा मंगळवार कसा जायचा ते लिहा.

गवतीचहा | १२ जून, रात्री ११:३५

मोज्यापाशी डोळ्यांत पाणी आलं आणि बोगद्यापाशी फस्सकन हसले. आमच्याकडे मांजर आहे, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. पण धागा वर राहायला हवा म्हणून हा प्रतिसाद.

आंबोळी | १३ जून, सकाळी ८:१०

चिंचगूळ, यादी अगदीच फाडू नकोस गं. कुत्र्या-कुत्र्यात फरक असतो. आमचा बॉक्सर, म्हापशाचा. त्याला मास्ट सेल ट्यूमर (कातडीचा एक कॅन्सर) होता, बॉक्सर लोकांना तो जास्त होतो म्हणतात. हा पठ्ठ्या रोज मोरजीला पाण्यात शिरल्याशिवाय राहायचा नाही. ऑपरेशनचे टाके होते तेवढे पंधरा दिवस त्याला किनाऱ्यापासून लांब ठेवलं, तर घरात रुसून बसला. त्याच्यासाठी समुद्र म्हणजे तुझ्या दाण्याचा पाववाला. तू म्हणतेस ते पटलंच, फक्त सवय कोणाला कशाची हे बघायचं.

बाकी तुझ्या हाताच्या खोडीवरून आठवलं. मास्ट सेलची गाठ सारखी दाबायची नसते, दाबली की त्यातून हिस्टामिन सुटतं आणि आजूबाजूला सूज येते. हे आम्हाला उशिरा कळलं. माझे यजमान येता जाता चाचपायचे.

हिशेबनीस | १३ जून, सकाळी ११:२२

भावना समजू शकतो, पण स्पष्ट बोलतो. कुत्र्याला केमो म्हणजे जरा अति होत नाही का? या पैशांत एखाद्या गरीब मुलाचं वर्षाचं शिक्षण होईल. आणि त्या मुक्या जनावराला सुया टोचून जगवायचं ते त्याच्यासाठी की आपल्यासाठी? ह. घ्या.

चिंचगूळ | १३ जून, दुपारी २:०५

@हिशेबनीस, हलकंच घेतलं. पैशांचा प्रश्न आमच्या सासूबाईंनी तुमच्या आधी विचारला होता. पेट्रोल धरून दर फेरीला पाच-सहा हजार जातात. नवरा-बायकोने यंदा दिवाळीची खरेदी आणि फ्रीज बदलणं रद्द केलं, त्यात बसतंय. गरीब मुलाचं शिक्षण फ्रीजच्या पैशांतूनही झालंच असतं, पण तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. असो.

दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. तोच विचारत मी दोन रात्री काढल्या. कुत्र्यांची केमो माणसांसारखी नसते, डोस मुळात कमी ठेवतात, कारण हेतू बरं करण्याचा नसून चांगले दिवस वाढवण्याचा असतो. दाण्याला आतापर्यंत लाल औषधानंतर एकदा दीड दिवस जुलाब आणि एकदा जेवण नको, एवढंच झालं. केस गेले नाहीत. मिश्या गेल्या! मिशीचा एक केस मी पाकिटात ठेवलाय, हसू नका. त्याला रोज त्रास होतोय असं ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी पुण्याचं थांबवायचं, हे डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत ठरलंय.

नदीकाठी | १३ जून, दुपारी ४:४०

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आम्ही केमो केली नाही. वाईला राहतो, आई अंथरुणाला खिळलेली, दर आठवड्याला पुण्याला जाणं शक्यच नव्हतं, पैसेही नव्हते. आमच्या सोनीलाही हाच आजार. नुसत्या प्रेडनिसोलोनवर ठेवलं. एक ते दोन महिने सांगितले होते, सात आठवडे मिळाले.

ते सात आठवडे चांगले गेले हो. कोणी तसं सांगत नाही म्हणून सांगतो. त्या गोळीने भूक आणि तहान इतकी लागते की सोनीने म्हातारपणी पुन्हा चोरी सुरू केली. घाटावर बसायची माझ्याबरोबर, कपडे धुणाऱ्या बायकांकडून शेंगदाणे वसूल करायची. शेवटचा आठवडा सोडला तर तिला बघून कोणी आजारी म्हटलं नसतं. केमो न केल्याची टोचणी मला वर्षभर होती, आता नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी हा प्रतिसाद वाचावा एवढंच.

शिरवळची_मुलगी | १३ जून, रात्री ९:१५

काका, किती बरं केलंत लिहून. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौथ्या वर्षाला आहे, अजून डॉक्टर नाही, त्यामुळे मी सांगते त्यापेक्षा तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं. पण एक गोष्ट वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. केमो करायची की नाही हे ठरत नसेल तर स्टिरॉइड आधीच चालू करून टाकू नका. नंतर केमो केली तर तिचा परिणाम कमी होतो. आधी ठरवा, मग गोळी.

चिंचगूळताई, तुमच्या घरात लहान मुलगा आहे म्हणून सांगते, औषधानंतरचे दोन-तीन दिवस शी-शू-उलटी हातमोजे घालूनच उचलायची, मुलाने नाही. घरात कोणी गरोदर असेल तर तिने तर मुळीच नाही. सायक्लोफॉस्फमाइडच्या गोळ्या कुटायच्या किंवा तोडायच्या नाहीत. ती सकाळी द्यायची आणि दिवसभर पाणी पाजून सारखं बाहेर न्यायचं, कारण लघवी मूत्राशयात साठून राहिली की आतलं अस्तर सोलवटतं आणि लघवीत रक्त येतं. थर्मामीटर घरात हवाच. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. केमोनंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा १०३ च्या वर गेलं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि माणसांची क्रोसिन, ब्रुफेन काही झालं तरी नाही.

खाण्याचं तुम्हाला माहीत असेल, कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे नकोत. हे सांगायचं कारण म्हणजे आमच्याकडे सत्यनारायणाचा शिरा खाऊन कुत्री येतात. लोकांना बेदाण्याचं लक्षातच येत नाही!

अवांतर: तुमच्या दाण्याला जे व्हिनक्रिस्टीन देतात ते सदाफुलीपासून मिळतं. आपल्या अंगणातली, गुलाबी-पांढरी. मूळची मादागास्करची. माणसांसाठी हे औषध १९६३ पासून वापरात आहे. आम्हाला हे शिकवलं त्या दिवशी हॉस्टेलसमोरच्या सदाफुलीकडे मी वेगळ्याच नजरेने बघितलं होतं.

चिंचगूळ | १४ जून, सकाळी ७:३०

अगं मुली, काय केलंस हे! काल रात्री तुझा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. आमच्या कुंपणाला सदाफुली ढिगाने आहे. त्या इतकी वर्षं तिला "कुठेही उगवते मेली" म्हणायच्या. आज सकाळी उठून बघते तर बादली घेऊन पाणी घालतायत. आणि मला विचारतायत, चार पानं वाटून भाकरीतून द्यायची का?

शिरवळची_मुलगी | १४ जून, सकाळी ७:४१

नाही नाही नाही!! आजींना सांगा, पानं विषारी असतात. औषध म्हणून जे देतात ते गाळून, मोजून, थेट शिरेतून. शिरेच्या बाहेर एक थेंब सांडला तरी कातडी जळते. पाणी घाला, पूजेला वाहा, दाण्याच्या तोंडात नको.

चिंचगूळ | १४ जून, सकाळी ८:०५

सांगितलं. आता एक फूल देवाला आणि एक दाण्याच्या पट्ट्यात खोचलं जातंय. तो दोन मिनिटांत झटकून टाकतो. (पान खाल्लं नाही, मी उभी होते.)

नदीकाठींच्या चोरीवरून आमचं प्रेडनिसोलोनचं प्रकरण सांगायलाच हवं. एप्रिलमध्ये दाण्याने ओट्यावरची भाकरी पळवली. एकच नाही, टोपल्यातली उतरंड. सासूबाई मागे धावल्या, मला वाटलं आता लाटणं बसतंय. तर त्यांच्या हातात तुपाची वाटी! "कोरडी गिळतोय, ठसका लागेल त्याला." नवरा म्हणाला, आई नामदेव झाली. ज्या बाईने आठ वर्षं कुत्र्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्या बाईची ही गोष्ट.

शिरवळची_मुलगी | १४ जून, सकाळी ८:२०

नामदेवांची कथा मलाही आवडते, पण तूप बेताने. जास्त तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. (मी खलनायिका व्हायला लागले या धाग्यावर.)

फ्रेमाँटवासी | १५ जून, सकाळी ९:५०

इकडे अमेरिकेत आमच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या वेळी डॉक्टरांनी एक कागद दिला होता, डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबॉस यांची मोजपट्टी. सात गोष्टी: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर जगणं बरं चाललंय असं धरायचं.

मला सुरुवातीला राग आला होता. कुत्र्याला काय मार्कं द्यायची? पण उपयोग झाला तो असा की मी आणि बायको वेगवेगळे गुण द्यायचो आणि मग भांडायचो. मी आनंदाला आठ दिले, तिने चार. ती म्हणाली, तू ऑफिसातून येतोस तेव्हा तो उठून येतो, ते तू बघतोस. त्याआधीचे सहा तास मी बघते. त्या भांडणातूनच आम्हाला खरं कळत गेलं. कागद फ्रिजवर असू दे, पण गुण घरातल्या दोघांनी वेगवेगळे द्यावेत.

चिंचगूळ | १५ जून, दुपारी १:१५

@फ्रेमाँटवासी, हे फार उपयोगाचं. आमच्याकडे याची देशी आवृत्ती आधीच चालू असल्याचं मला आज कळलं. बाबा कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितात. एप्रिलपासून त्याच चौकटीत खाली एक बारीक खूण दिसते, कुठे गोल, कुठे फुली. विचारलं तर म्हणाले, "कट्ट्यापर्यंत गेला की गोल. मधूनच परत फिरला की फुली." मोजले. मे महिन्यात एकतीसपैकी फुल्या चार. ते कोणाला काही बोललेच नव्हते.

वऱ्हाडी_ठेचा | १५ जून, रात्री १०:००

आमचा रॉटवायलर, नागपूरचा. हाडाचा कॅन्सर, पुढचा उजवा पाय काढा लागला. लोक म्हणत काऊन एवढा छळ करता बाप्पा. अन् तिसऱ्या दिवशी हा तीन पायावर उभा राहून गेटवरच्या डाळिंबवाल्यावर भुंकत होता. त्याले काहीच वाटलं नाही, आम्हालेच त्याचा चौथा पाय दिसत राहिला. फक्त फरशीवर घसरायचा, तर घरभर तरटं टाकले. तरटं टाका, टाइल लय वाईट. बाकी काही सांगायचं नाही.

गल्ली_नंबर_तीन | १६ जून, दुपारी १२:३०

पाळलेल्यांचं चाललंय म्हणून जरा रस्त्यावरच्यांचं. आमच्या गल्लीतल्या काळीला मागच्या बाजूला फुलकोबीसारखी गाठ येऊन रक्त ठिबकायला लागलं. लोक म्हणाले कॅन्सर आहे, महापालिकेला कळवा, घेऊन जातील. कॅन्सरच होता, पण वेगळ्या जातीचा. टीव्हीटी. हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो, समागमातून किंवा चाटण्या-हुंगण्यातून, आणि रोगजंतू नाही तर कॅन्सरच्या पेशीच जातात. काही हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी एका कुत्र्याच्या पेशी अजून गल्लोगल्ली फिरतायत, असं आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला.

आणि गंमत बघा, इलाज तोच, तुमची सदाफुली. आठवड्याला एक व्हिनक्रिस्टीन. काळीला पाच लागली. गाठ पूर्ण गेली, नंतर नसबंदीही करून घेतली. खर्च गल्लीतल्या अकरा घरांनी वाटून घेतला. दर शनिवारी तिला पकडायचं काम माझं आणि रिक्षावाल्या भाऊंचं. तीन वर्षं झाली, शनिवारी सकाळी रिक्षा सुरू झाली की ती अजूनही टपरीमागे लपते. म्हणून म्हणतो, रस्त्यावरच्या कुत्र्याला गाठ दिसली की लगेच संपलं असं धरू नका.

पैलतीर | १८ जून, रात्री १२:१०

लिहू की नको करत चार दिवस गेले. धागा आनंदाचा आहे, त्यात विरजण नको वाटलं. पण ज्यांच्यावर वेळ येईल त्यांनी विचारलं तर उत्तर असावं.

आमच्या जर्मन शेफर्डला प्लीहेचा कॅन्सर. आतल्या आत रक्तस्राव होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. दुसऱ्यांदा झाला तेव्हा डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. पाच मिनिटंही लागली नाहीत. तो त्याच्या नेहमीच्या जागी होता, चपलांच्या मांडणीखाली. मला एकाच गोष्टीचं बरं वाटतं की त्या सकाळी आम्ही काहीही वेगळं केलं नाही. मी चहात बिस्किट बुडवलं, त्याने अर्धं खाल्लं.

चिंचगूळ | १८ जून, रात्री ११:००

@पैलतीर, विरजण वगैरे काही नाही. तीनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, तो उठून बाहेर गेला आणि दाण्याला घेऊन अर्ध्या तासाने आला.

आज अकरावा आठवडा. पांढऱ्या पेशी पुरेशा होत्या. बोगद्यात हूऽऽ केलं.

गवतीचहा | ६ जुलै, संध्याकाळी ६:२०

चिंचगूळ, बरेच दिवस झाले. काळजी वाटते. दाण्या कसा आहे?

चिंचगूळ | १४ जुलै, दुपारी ३:४५

आहे, आहे! माफ करा सगळ्यांनी. मधे एक वाईट आठवडा गेला. सायक्लोफॉस्फमाइडनंतर सातव्या दिवशी ताप, १०३.६. शिरवळच्या मुलीचं ऐकून थर्मामीटर आणलं होतं म्हणून कळलं, एरवी आम्ही झोपू दिलं असतं. रात्री साडेबाराला निघालो. दोन दिवस सलाइन आणि अँटिबायोटिक, पुढचा डोस एक आठवडा पुढे ढकलला. कालनिर्णयवर सलग पाच फुल्या. त्या पाच दिवसांत मी इथे काही लिहू शकले नसते.

मग ताप उतरला, पोरगा घरी आला आणि आमचा बेंदूर आला. आमच्याकडे बैल नाहीत, शेत कधीच वाटणीत गेलं, मातीची जोडी पुजतो फक्त. सासूबाईंनी जोडीला ओवाळलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि तेच ताट घेऊन जिन्यापाशी गेल्या. दाण्याला कुंकू लावलं. त्याने जीभ काढून ते नाकापर्यंत पुसून घेतलं. पुरणपोळीचा तुकडा दिला, नखाएवढा, तुपाशिवाय, तुमच्या धाकामुळे. बैलाच्या शेजारी त्यालाही झूल हवी म्हणून मुलाने स्वतःचा जुना टॉवेल पांघरला, तो अजून निघालेला नाही. धुवायला मागितला तरी देत नाही. दोघांपैकी कोणीच.

आता पाऊस लागलाय, सातारी पाऊस. कट्ट्यापर्यंत जाता येत नाही, म्हणून बाबांनी गोल-फुलीचा नियम बदलला आहे. पाववाल्याची पों पों ऐकून फाटकापर्यंत गेला की गोल.

शिरवळची_मुलगी | १४ जुलै, दुपारी ४:१०

ताप पकडलात! मी आज मेसमध्ये सगळ्यांना सांगणार. गाठी कशा आहेत? काल रविवार होता ना.

चिंचगूळ | १४ जुलै, दुपारी ४:२५

अगं खरंच की. काल दिवसभर लाइट नव्हते, पाव्हणे होते, सासूबाईंनी भजी काढली, हा सगळ्यांच्या मधे टॉवेल ओढत फिरत होता. बघायच्या राहूनच गेल्या.

वऱ्हाडी_ठेचा | १४ जुलै, दुपारी ४:३०

मग आत्ता बघा ना, जवळच तर असंल.

चिंचगूळ | १४ जुलै, दुपारी ४:४८

जवळच आहे. पण शाळेची बस आली आत्ता, मोजा घेऊन पळालाय.